कोकण किनारा शिकवताना क्रम चुकू नये: तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

किनारपट्टीचा पाठ बहुतेक वर्गांत याद्यांनी सुरू होतो. इतके जिल्हे, इतक्या नद्या, इतके किल्ले. मुलं याद्या पाठ करतात, नकाशात ठिपके देतात, गुणही मिळवतात. पण सिंधुदुर्ग पाण्यातच का बांधला किंवा खाडीचं पाणी सकाळी आत आणि दुपारी बाहेर का वाहतं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. भूगोल एका तासाला, इतिहास दुसऱ्या तासाला, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही.

इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पाणी कसं हलतं, मग जमिनीचा आकार, मग नकाशा, आणि बंदरं-किल्ले सर्वांत शेवटी. किल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर भरती, खाडी, खडक हे शब्द मुलांच्या हाताखालून गेलेले असतील, तर "हा इथेच का?" याचं उत्तर ती स्वतः शोधतात. सहलीचा दिवस सोडून चाळीस मिनिटांच्या साधारण बारा तासिका लागतात आणि त्या तीन आठवड्यांत पसरवाव्या लागतात. सलग दोन दिवसांत उरकायला गेलात तर पहिली पायरीच जमणार नाही, कारण तिला पंधरा दिवस लागतात.

## तयारी: दोन आठवडे आधी

जमवायचं सामान:

- ६० × ४० सेंमीचा, निदान ८ सेंमी खोल ट्रे. प्लॅस्टिकचा चालेल, पत्र्याचा असल्यास सांधे गळत नाहीत ना, ते पाहून घ्या.
- ओली शाडू माती ६ किलो, त्यात मिसळायला जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा (मातीच्या पाव भाग).
- आत भरायला विटांचे तुकडे, एक घमेलं भरून.
- बारीक वाळू २ किलो, धुऊन वाळवलेली.
- ऑइलपेंटचा लहान डबा, दीड इंची ब्रश.
- एक मीटर लांब पारदर्शक रबरी नळी, पाच लिटर पाणी, निळी शाई.
- अंघोळीचा जुना स्पंज, रिकाम्या काडेपेट्या, १० × १५ सेंमीची पातळ फळी.
- सुती दोरी: एक ७.२० मीटरची, एक ५ मीटरची, एक अडीच मीटरची.
- तिथी दाखवणारं भिंतीवरचं कॅलेंडर.

किनाऱ्याचे पंधरा-वीस फोटोही छापून ठेवा. त्यांत वाळूची पुळण, काळे खडक, जांभ्याचा कडा, चिखलाची खाडी, कांदळवन, मिठागर, जेटी हे सगळं यावं. फक्त सुंदर पुळणी निवडल्या तर पुढची दुरुस्ती अवघड जाते.

सावधान: मातीचा डोंगर, विटा आणि पाणी मिळून ट्रेचं वजन वीस किलोच्या आसपास जातं. जिथे तो शेवटपर्यंत राहणार आहे तिथेच, भक्कम टेबलावर तयार करा. भरलेला ट्रे दोघांनी उचलला तरी मधोमध वाकतो आणि माती तडकते.

## १. भरती-ओहोटीचा पंधरवडा

हे काम रोज तीन मिनिटांचं आहे, पण पंधरा दिवस एकही दिवस चुकवायचा नाही. शाळा समुद्राजवळ असेल तर जेटीच्या किंवा बंधाऱ्याच्या दगडावर मोठ्या माणसाने न पुसणाऱ्या रंगाने खुणा करून घ्याव्यात आणि ठरलेल्या वेळी पाणी कितव्या खुणेवर आहे ते लिहावं. शाळा सांगलीत असो वा गोंदियात, पंचांग तर हाताशी असतंच.

कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. म्हणजे दर तिथीला पाऊण तास. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच सुरू करायची.

- प्रतिपदा: पाऊण तास, म्हणजे १२.४५
- चतुर्थी: ३.००
- अष्टमी: ६.००
- दशमी: ७.३०
- द्वादशी: ९.००
- पौर्णिमा किंवा अमावास्या: ११.१५ (प्रत्यक्षात बाराच्या आसपास)

ही वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे लागू पडते, कारण दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांच्या आत येते. तिसरीच्या मुलांना गुणाकार जड जात असेल तर एका तिथीला एक पट्टी आणि एका पट्टीवर तीन पावतास, असं कागदाच्या पट्ट्यांनी करा. चौथी-पाचवीत पाऊणकीचा पाढा याच निमित्ताने म्हणून घेता येतो.

रोज एका मुलाने तक्त्यात तीन गोष्टी भराव्यात: तिथी, भरतीची वेळ, चंद्राचा आकार. पंधराव्या दिवशी तक्ता वाचायला लावा. भरती रोज पुढे सरकते, हे मुलं स्वतः सांगतात. तिथे थांबा आणि मगच शब्द द्या: अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या सुमाराचं भांग. उधाणात पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. भांगात दोन्ही कमी.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पहिल्याच दिवशी चंद्राच्या ओढीचं स्पष्टीकरण. "चंद्र पाणी ओढतो" एवढं सांगितलं की हुशार मूल विचारतं, मग दिवसातून दोनदा का? त्याचं खरं उत्तर या वयाला पेलत नाही आणि अर्धं उत्तर डोक्यात कायमचं बसतं. चंद्राशी संबंध आहे, तो आपण तक्त्यात पाहिला, एवढ्यावर प्राथमिक वर्गात थांबणं योग्य. दुसरी चूक म्हणजे पाऊणपटीचा हिशेब घड्याळासारखा काटेकोर मानणं. त्यात अर्धा-पाऊण तास, पौर्णिमेच्या आसपास कधी त्याहून जास्त, फरक पडतो. वर्गातल्या तक्त्याला तो पुरतो, पण मुलांना घेऊन समुद्रावर जायचं असेल तर त्या बंदराचं छापील भरतीपत्रकच पाहायचं.

तपासणी: "आज षष्ठी आहे. भरती केव्हा?" वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी साडेचार सांगितलं की पुढे चला.

## २. "किनारा म्हणजे वाळू" हा समज काढणे

एक तासिका पुरते. फोटो जमिनीवर पसरा आणि गटांना तीन ढीग करायला सांगा: वाळू, दगड, चिखल. मिठागर, जेटी कुठे ठेवायची यावर वाद होऊ द्या, तो उपयोगाचा आहे. मग प्रत्येक ढिगाला नाव द्या. वाळूची ती पुळण. दगडांत काळा बेसाल्ट वेगळा आणि तांबूस, छिद्रांचा जांभा वेगळा. जांभा मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा, आणि त्याच्या सपाट माथ्याला तिथे सडा म्हणतात. चिखलाच्या ढिगात खाडी, खाजण (भरतीचं खारं पाणी पसरतं ती सखल जमीन) आणि कांदळवन.

कांदळवनाच्या फोटोत जमिनीतून वर आलेली मुळं बोटाने दाखवायला सांगा. चिखलात हवा नसते म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, तिचा फोटो असेल तर तो इथेच दाखवा.

## ३. ट्रेमधला किनारा

सगळ्या पायऱ्यांत हीच सर्वांत जास्त वेळ खाते आणि हीच सर्वांत जास्त बिघडते. म्हणून मापं काटेकोर पाळा.

आखणी. ट्रेच्या ६० सेंमी लांबीतले २५ सेंमी समुद्राला, ३५ सेंमी जमिनीला. समुद्राच्या बाजूच्या भिंतीला आतून मोजपट्टी उभी चिकटवा, शून्य तळाला. २ सेंमीवर "ओहोटी" आणि ४.५ सेंमीवर "भरती" अशी खूण करा.

भरणी. जमिनीच्या भागात विटांचे तुकडे रचा, दूरच्या टोकाला उंच. त्यावर लगदा मिसळलेल्या शाडूचा दोन सेंमी जाड थर. उंची तळापासून मोजायची:

- पुळण: १.५ सेंमीपासून ५ सेंमीपर्यंत सावकाश चढणारी
- खलाटी, म्हणजे किनाऱ्यालगतची सखल जमीन: ५ ते ५.५ सेंमी
- वलाटी, म्हणजे पूर्वेकडची चढती जमीन: ६ ते ७ सेंमी
- सह्याद्रीचा माथा: ९.५ सेंमी

किनारा सरळ रेषेत नको. एका कोपऱ्यात माती समुद्रात पुढे काढून खडकाळ भूशिर करा, त्याच्या पायथ्याशी चमच्याने एक गुहा कोरा. शेजारी वाळूची अर्धगोल पुळण. ट्रेच्या मधोमध खाडी.

खाडीची खोली. बहुतेक प्रतिकृती इथेच फसतात. खाडी म्हणजे नुसती वरवर ओढलेली रेघ राहिली तर पाणी आत शिरतच नाही. तोंडाशी तळ १.५ सेंमी ठेवा आणि १५ सेंमी आत जाईपर्यंत तो ४ सेंमीपर्यंत चढवा. भरतीची पातळी ४.५ असल्यामुळे पाणी शेवटपर्यंत पोचतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. खाडीच्या पुढे सह्याद्रीपर्यंत नदीचा अरुंद, तीव्र उताराचा मार्ग कोरा. एका काठाला ४.३ सेंमी उंचीचा सपाट तुकडा सोडा, ते आपलं खाजण.

वाळवणी. सावलीत, पूर्ण वाळेपर्यंत, काही दिवस. उन्हात ठेवलं तर भेगा पडतात, पंख्याखाली ठेवलं तरी पडतात. बोटाने दाबल्यावर ठसा उमटेनासा झाला की पाणी लागणाऱ्या सगळ्या भागावर ऑइलपेंटचे दोन हात द्या, दोन्हींच्या मध्ये एक रात्र जाऊ द्या. रंग शिक्षकांनीच, खिडक्या उघड्या ठेवून लावावा. हे टाळून ओल्या मातीवर पाणी ओतलं की दहा मिनिटांत समुद्र गढूळ होतो आणि भूशिर वितळून खाली बसतं. रंग वाळल्यावर पुळणीवर वाळू पसरा.

पाणी. ओहोटीच्या खुणेपर्यंत दोन लिटरच्या आत पुरतं, भरतीपर्यंत आणखी अडीच-तीन लिटर. मगने सावकाश, समुद्राच्या कोपऱ्यातून ओता. उतरवायला नळी आधी पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून, एक टोक ट्रेत आणि एक खाली बादलीत सोडा. तोंडाने ओढू नका, मुलं लगेच अनुकरण करतात.

मग एकेक प्रयोग, याच क्रमाने:

१. भरती चढवा, उतरवा. खाडीतलं पाणी कुठवर गेलं, तिथे काडी रोवायला सांगा.

२. समुद्रात शाईचे पाच-सहा थेंब टाका. वरून नदीत स्वच्छ पाणी सोडत राहा आणि त्याच वेळी भरती चढवा. खाडीत निळं आणि पांढरं पाणी मिसळताना दिसतं. खाडीचं पाणी मचूळ का, याचं उत्तर डोळ्यांसमोर घडतं. खाजणावरही निळं पाणी पसरतं. आता खाजणाच्या कडेला मातीचा लहान बांध घालून पुन्हा भरती आणा. शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून घातलेली खारबंदी ती हीच.

३. खाडीच्या काठावर काडेपेट्यांची पाच घरं ठेवा. फळीने दहा लाटा ढकला, किती घरं हलली ते लिहा. मग घरांपुढे स्पंजचे तुकडे घट्ट बसवून तेवढ्याच लाटा. स्पंज म्हणजे कांदळवन. लाटा त्याच हाताने, त्याच जोराने हव्यात. हात बदलला की निकाल बदलतो आणि मुलांना तुलना म्हणजे काय ते कळत नाही.

४. फळी तिरकी धरून पुळणीवर सावकाश लाटा सोडत राहा. पन्नास-साठ लाटांनंतर वाळू खाडीच्या तोंडाकडे सरकून तिचा दांडा तयार होऊ लागतो. मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदीच्या मुखाजवळचं देवबाग अशाच एका लांबट वाळूच्या पट्ट्यावर वसलं आहे, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र.

सावधान: ही प्रतिकृती उंचीत फुगवलेली आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. कोकणाची रुंदी सुमारे ५० किमी धरली तर ट्रेतला १ सेंमी म्हणजे जवळजवळ १.४ किमी. त्या मापाने १,००० मीटरचा सह्याद्री जेमतेम ७ मिलिमीटर भरतो, आपण तो भरतीच्या पाण्यावर ५ सेंमी केला. म्हणजे सात पट. हे न सांगितल्यास मुलांच्या डोक्यात सह्याद्री समुद्राला खेटून उभी असलेली भिंत बनतो. ७ मिलिमीटरचा मातीचा ढेकूळ शेजारी ठेवा, बोलण्यापेक्षा तो जास्त काम करतो.

तपासणी: खाडी आणि नदी यांत फरक काय, हे प्रत्येक गटाने ट्रेवर बोट ठेवून दाखवावं. "खाडीत भरतीचं पाणी येतं" हे वाक्य ऐकू येईपर्यंत नकाशा उघडू नका.

## ४. जमिनीवरचा दोरीचा नकाशा

भिंतीवरच्या नकाशामुळे उत्तर म्हणजे "वर" असा समज होतो, म्हणून हा नकाशा जमिनीवरच हवा. व्हरांड्यात किंवा मैदानात होकायंत्राने खरी उत्तर शोधा. ५ मीटरची दोरी उत्तर-दक्षिण ताणून ठेवा. १ सेंमी म्हणजे १ किमी. उत्तरेचं टोक पालघर जिल्ह्यातली गुजरातची सीमा, दक्षिणेचं तेरेखोलच्या खाडीच्या जरा पुढे.

आता ७.२० मीटरची दोरी द्या. महाराष्ट्राचा किनारा ७२० किमी, असं पाठ्यपुस्तकांत असतं. ही दोरी ताणलेल्या दोरीच्या पश्चिम अंगाला, त्याच दोन टोकांच्या आत बसवायला सांगा. ती सरळ बसत नाही. आत-बाहेर वळणं घालावी लागतात आणि ती वळणं म्हणजेच खाड्या आणि भूशिरं. अलीकडच्या फेरमोजणीत महाराष्ट्राचा किनारा ८७८ किमीच्या घरात गेला आहे. कुठलं मूल हा आकडा घेऊन आलं तर त्याला चूक ठरवू नका. बारीक मापाने मोजलं की आणखी वळणं मोजली जातात आणि लांबी वाढते, हे दोरीवर लगेच दाखवता येतं.

ठिकाणं ताणलेल्या दोरीवर, उत्तर टोकापासून साधारण अशी येतात:

- वसई: ९० सेंमी
- मुंबई: १३५
- अलिबाग: १७०
- मुरूड-जंजिरा: २०५
- हर्णै-सुवर्णदुर्ग: २६०
- रत्नागिरी: ३५०
- विजयदुर्ग: ४००
- मालवण-सिंधुदुर्ग: ४५५
- तेरेखोल: ४९०

त्यानंतर निळ्या लोकरीने नद्या आणि त्यांच्या खाड्या. सगळ्या नको, पाच पुरे: उल्हास आणि वसईची खाडी, सावित्री आणि बाणकोट, वाशिष्ठी आणि दाभोळ, शास्त्री आणि जयगड, वाघोटन आणि विजयदुर्ग. लोकर पूर्वेकडून पश्चिमेकडे, फार तर ६० सेंमी लांब. नदीच्या मुखाशी मुलं हमखास त्रिभुज प्रदेश काढतात, कारण पुस्तकात गंगेचं चित्र पाहिलेलं असतं. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत, मुखाशी खाड्या आहेत, त्रिभुज प्रदेश नाहीत. ट्रेकडे परत नेऊन दाखवा.

तपासणी: डोळे मिटून सगळ्यांनी समुद्राच्या दिशेला हात करायचा. हात पश्चिमेला हवेत. छताकडे किंवा फळ्याकडे गेलेले हात भिंतीवरच्या नकाशाची सवय सांगतात. अशा मुलांना दोरीवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे चालवा, उजव्या हाताला समुद्र.

## ५. किल्ले आणि बंदरं: चार प्रश्न

आता इतिहास, पण राजांच्या क्रमाने नाही. प्रत्येक ठिकाणाला तेच चार प्रश्न विचारायचे: प्यायचं पाणी कुठून? जहाज कुठून येणार? शत्रूला काय अडवेल? इथून काय दिसतं? प्रत्येक गटाला एक ठिकाण, एक कार्ड. माहिती शिक्षकांनी एवढीच द्यायची, बाकी मुलांनी ट्रे आणि दोरी पाहून काढायचं.

सिंधुदुर्ग. मालवणसमोरचं कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली. आजूबाजूला पाण्याखाली खडक, माहितगार नावाडीच सुखरूप आत येणार. चहूबाजूंना खारं पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे कार्ड नीट समजणाऱ्या गटाला द्या, यात चारही प्रश्नांना भरपूर खाद्य आहे.

कुलाबा, अलिबाग. भरतीला बेट, ओहोटीला पायवाट. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं महत्त्वाचं ठाणं. पहिल्या पायरीचा तक्ता हातात देऊन विचारा: अष्टमीच्या दुपारी बारा वाजता शत्रू पायी येऊ शकेल का? भांगाची ओहोटी असल्याने पाणी फारसं मागे हटत नाही, इथपर्यंत मुलं पोचली तर सगळी मेहनत वसूल झाली.

जंजिरा आणि पद्मदुर्ग. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी सिद्दींचा जंजिरा, जो मराठ्यांना जिंकता आला नाही. त्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला. दोन्ही किल्ले एकाच कार्डावर हवेत, वेगळे केले की अर्थ निघून जातो.

विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या मुखावर, तीन बाजूंना पाणी. मागे खोल खाडी, जहाजांना वादळात आसरा. १७५६ मध्ये इंग्रज आरमाराने तो घेतला.

वसई आणि सोपारा. वसईचा किल्ला पोर्तुगीजांचा, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला. जवळचं सोपारा प्राचीन बंदर, तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. आज तिथे मोठं जहाज येऊ शकत नाही, कारण खाडी गाळाने भरत गेली. ट्रेमधला वाळूचा दांडा इथे आठवून द्या.

किनाऱ्यावरचे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत आहेत. ही माहिती दोन मिनिटांत सांगून पुढे जा.

सावधान: भुयारं, पुरलेले खजिने, एका रात्रीत बांधलेले बुरूज अशा कथा मुलं घरून आणतात. त्या हाणून पाडू नका आणि वहीत तशाच उतरवूही देऊ नका. कार्डावर तीन रंग ठेवा: लेख, दगड, वास्तू यांवरून कळलेलं निळ्याने, लोकांकडून ऐकलेलं हिरव्याने, आपण बांधलेला अंदाज पेन्सिलने. पुरावा आणि ऐकीव यांतला फरक या वयात रंगाने फार चांगला कळतो. गावातल्या कोळी, खारवी किंवा गाबीत घरातल्या आजी-आजोबांना वर्गात बोलावता आलं तर त्यांचं बोलणंही हिरव्याने लिहा, पण पूर्ण लिहा. वाऱ्यांची नावं, खडकांची नावं, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घालण्याची रीत हे पुस्तकात फारसं सापडत नाही.

## ६. काळाची दोरी

अडीच मीटरची दोरी आडवी बांधा. एक टोक म्हणजे आज. १ सेंमी म्हणजे १० वर्षं. आधी आजी-आजोबांचा जन्म चिमट्याने लावायचा, तो सहा-सात सेंमीवर येतो. मग १९६० सालची महाराष्ट्र राज्याची स्थापना, त्याच्याच शेजारी. वसईचा विजय २९ सेंमीच्या आसपास, सिंधुदुर्ग ३६ सेंमीवर. आणि अशोकाचा शिलालेख थेट सव्वादोन मीटरच्या पुढे.

शिवकाळ आणि अशोकाचा काळ यांच्यातली जवळपास दोन मीटरची रिकामी दोरी हीच या तासिकेची शिकवण. घाईने ती भरू नका. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं, बारसू, कशेळी, उक्षी इथली, लेखी इतिहासाच्याही आधीची मानली जातात. त्यांच्यासाठी दोरी पुरत नाही, त्यांचं चित्र वर्गाच्या दाराबाहेर लावा.

## ७. सहल: तिथी पाहून तारीख

सहलीची तारीख रविवार किंवा बसची सोय पाहून ठरते, आणि मुलं किनाऱ्यावर पोचतात तेव्हा भरती असते. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. म्हणजे उधाणाला शाळेच्या वेळेत खडक पाण्याखाली. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, पण भांगाची.

उत्तम दिवस चतुर्थी ते षष्ठी, कोणत्याही पक्षातला. ओहोटी साधारण सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान येते. तारीख नक्की करण्याआधी छापील भरतीपत्रकाशी ताडून पाहा. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाही, बोटीने जायच्या किल्ल्यांवर तर मुळीच नाही.

दिवसाचा क्रम असा ठेवा: ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्यामागून चालत खडक आणि डबकी पाहायची, आणि ओहोटीची वेळ झाली की सगळ्यांनी वर यायचं. ओहोटीची वेळ म्हणजे परतीची घंटा. "अजून पाणी लांब आहे" हा विचार धोक्याचा, कारण पाणी आधी मागच्या सखल भागात शिरतं आणि परतीची वाट तिथूनच असते. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पायात पट्ट्याच्या चपला, बोटीत प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. पाण्यात कोणीही उतरायचं नाही. हजेरी चार वेळा: बसमधून उतरल्यावर, खडकांवर जाण्याआधी, वर आल्यावर, बस सुटण्याआधी. शंख-शिंपले, खेकडे उचलून आणू नयेत. चित्र काढून आणावं.

मुलांच्या हातात फक्त एक कागद द्या, त्यावर चार प्रश्न. पाच पानी कार्यपत्रिका दिली की मुलं कागदाकडे बघत चालतात.

## ८. शेवटची तासिका: कोरा किनारा

नकाशात नावं भरा, असा प्रश्न इथे नको. एक काल्पनिक किनारा काढून द्या: एक खाडी, दोन भूशिरं, एक पुळण, खडकाळ बेट, मागे डोंगर. नाव एकही नाही. मुलांनी त्यावर बंदर, किल्ला, मिठागर, भातशेत आणि वस्ती ठेवायची आणि प्रत्येकासाठी एक कारण लिहायचं. जागेला एक गुण, कारणाला दोन.

उत्तरं तपासताना चूक कोणत्या पायरीची, ते पाहा:

- बंदर उघड्या पुळणीवर ठेवलं: खाडीचा आसरा कळलेला नाही, पाचव्या पायरीतलं विजयदुर्गाचं कार्ड पुन्हा.
- भातशेत खाडीच्या काठावर, बांध नाही: शाईचा प्रयोग पुन्हा.
- मिठागर डोंगराच्या पायथ्याशी: मीठ भरतीच्या पाण्यापासून बनतं, हे जोडलं गेलेलं नाही. ट्रेमध्ये भरती चढवून पाणी कुठवर जातं ते दाखवा.
- किल्ला बेटावर, पण कारण फक्त "सुरक्षित म्हणून": कारण अपुरं. पाणी, वाट, नजर यांपैकी निदान एक गोष्ट मागा.
- वस्ती पुळणीच्या अगदी कडेला: बहुतेक वेळा सहलीच्या फोटोंचा परिणाम. उधाणाची रेषा कुठे, ते विचारा.

ज्या चुका निम्म्या वर्गाने केल्या त्याच पायरीकडे सगळा वर्ग घेऊन परत जा. दोन-चार मुलांच्या चुकांसाठी ट्रेपाशी वेगळं बसवलं तरी पुरतं. ट्रे म्हणूनच शेवटच्या तासिकेनंतरही आठवडाभर मोडू नये. मोडताना आधी पाणी काढा, रंगाचा पापुद्रा सोलून वेगळा करा आणि उरलेली शाडू ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच माती चालते.